पाटी नसलेलं वर्कशॉप आणि आमचा छोटा ट्रेलर

आधी निकाल सांगते, मग कारणं. धुळ्याहून मालेगावच्या दिशेने निघालं की अवधानच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रकबॉडी बांधणारी वर्कशॉपं दिसतात. त्यातल्या एकाकडून आम्ही आमच्या छोट्या ट्रेलरचं आतलं काम करून घेतलं. सामानाची कपाटं, बॅटरी आणि सोलर, शिवाय स्वयंपाकाचा गॅस. गॅसच्या कामाला पैकीच्या पैकी गुण. बॅटरीच्या कामाला एखादा गुण कमी. कपाटं फार चांगली, पण फिनिशिंगचे गुण कापले. आणि कबूल केलेल्या तारखेला काम देणं या विषयात सरळ नापास. वर्कशॉपचं नाव लिहीत नाही, कारण त्याला पाटीच नाही. गेटवर ऑइलपेंटने एक मोबाइल नंबर रंगवलाय आणि त्यातलेही दोन आकडे उन्हाने उडालेत.

मी हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघांनी हा ट्रेलर पुण्याच्या एका कुटुंबाकडून वापरलेला घेतला. कागदपत्रं चोख, त्याची स्वतःची नंबरप्लेट. आत दोन माणसं झोपतात आणि एक जण उभं राहून स्वयंपाक करू शकतो, एवढाच जीव. बोलेरोच्या मागे जोडला की निघालो. घेतला तेव्हा आत एक पलंग, एक उघडा ओटा आणि छताला एक दिवा होता. बाकी सगळं सामान पिशव्यांत. वळण आलं की पिशव्या इकडून तिकडे.

ट्रेलरच्या आर.सी.वर एकूण वजन ७५० किलो लिहिलंय. ट्रेलरचा सगळ्यात हलका वर्ग याच आकड्यापर्यंत असतो. एकूण वजन म्हणजे सामान, पाणी, गॅस, गाद्या सगळं धरून. हे समजून न घेता जो कपाटं बसवायला घेतो त्याला गाडी देऊ नये, असं माझं मत.

हे मत उगाच झालेलं नाही. दुसऱ्या एका शहरात एकाकडे आधी विचारलं होतं. त्याने ट्रेलरला एक फेरी मारली आणि घरातलं इंटिरिअर सांगावं तसं सांगायला सुरुवात केली. अठरा मिलिमीटर प्लायची कपाटं, वर सनमायका, पलंगाखाली दीडशे अँपिअर-अवरची इन्व्हर्टरची बॅटरी आणि तिच्या शेजारच्याच खणात घरचा मोठा सिलिंडर. सगळं एका दाराआड, दिसायला सुबक. मी मनात हिशेब केला. अठरा मिलिमीटरच्या आठ बाय चार प्लायचं एक पान पस्तीस किलोच्या घरात जातं आणि त्याला तशी तीन-चार पानं लागणार होती. बॅटरी पन्नास-पंचावन्न किलो. भरलेला १४.२ किलोचा सिलिंडर टाकीच्या वजनासह तीस किलो. म्हणजे ताटवाटी चढवायच्या आधीच आम्ही मर्यादेच्या काठावर. वजन एकवेळ बाजूला ठेवा. ॲसिडची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, तो हलका, वर जाऊन साठतो. गॅस गळला तर तो हवेपेक्षा जड, खाली बसतो. मध्ये इन्व्हर्टरची ठिणगी. आणि या सगळ्याच्या वर आमची गादी! हे म्हणाले, “चल, लस्सी पिऊन घरी जाऊ.”

अवधानच्या मिस्त्रीकडे गेलो ते एका ट्रॅक्टरवाल्या नातेवाइकाच्या सांगण्यावरून. मिस्त्रीने आयुष्यभर ट्रॉल्या बांधल्यात. राहायचा ट्रेलर त्याने पूर्वी कधी केला नव्हता आणि तसं त्याने पहिल्या दोन वाक्यांत सांगून टाकलं. पण चाकांवर ओझं कसं बसतं हे त्याला जेवढं कळतं तेवढं इंटिरिअरवाल्याला कळणं शक्य नाही. दोन चाकी ट्रॉलीत माल पुढे जास्त भरला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलायला लागतात. मागे जास्त भरला की हूक वर ओढला जातो. केळीचे घड आणि कापसाचे गठ्ठे वाहणाऱ्या गाड्या बांधणाऱ्याला हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. आमच्या ट्रेलरलाही तोच नियम. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास ओझं पुढच्या हूकवर पडलं पाहिजे. कमी पडलं तर वेगात ट्रेलर डावीकडे-उजवीकडे झोलायला लागतो. जास्त पडलं तर गाडीची मागची बाजू बसते आणि पुढची चाकं हलकी होतात.

त्याने काम हातात घ्यायच्या आधी ट्रेलर वजनकाट्यावर पाठवला. रिकामा ५१० किलो. भिंतीवर खडूने त्याने आकडा लिहिला आणि पुढे जी जी वस्तू बसवली तिचं वजन त्याखाली मांडत गेला. सोलरचं पॅनेल, गॅसची पेटी, कपाटांच्या फ्रेमा, झाडून सगळं. वायरचं बंडलसुद्धा. मला हे फार आवडलं. वर्गात मुलांनी प्रयोगवही अशी लिहिली असती तर मी जन्मभर कमी ओरडले असते.

आता कपाटं. पैसे, माप, डिझाइन यातलं काहीही बोलायच्या आधी मिस्त्री मला म्हणाला, “ताई, पहिले तुम्हना डबा लई या.” मी म्हटलं, डबे कशाला? तर कपाट डब्यांसाठी करायचं ना, मग डबे बघितल्याशिवाय कसं करणार? दुसऱ्या दिवशी मी गाडीत संसार घालून नेला. मिसळणाचा म्हणजे मसाल्यांचा डबा, कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) पिठाचा उंच डबा, डाळींचे चार, तेलाची कॅन, तवा, पितळी पातेलं, काठवट. पातेलं सोनगीरचं, जाड बुडाचं. खापर नेलं नाही. मांडे हे चुलीचं आणि दोन बायकांचं काम, ते ट्रेलरमध्ये करायचा हट्ट मी धरला नाही. मिस्त्रीने सगळं जमिनीवर मांडलं, टेप लावला, एकेक डबा हातात धरून जोखला आणि जड ते एका बाजूला, हलके ते दुसऱ्या बाजूला असे ढीग केले. जड ढीग चाकांच्या वरच्या खणात, सगळ्यात खाली. हलका ढीग पुढच्या कपाटात. छताजवळच्या फळीवर कपडे आणि टॉवेल सोडून काही ठेवायचं नाही, अशी तंबी.

फ्रेम ॲल्युमिनिअम सेक्शनची, वर तीन मिलिमीटरची ए.सी.पी. शीट, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर. प्लायच्या मानाने वजन निम्म्याहून कमी भरलं. पत्र्याला नुसते स्क्रू मारले तर खडखडाटाने ते सैल होतात, म्हणून ताण पडतो तिथे सगळीकडे आरपार बोल्ट आणि हादऱ्यांनी सैल न होणारे नायलॉक नट. खणांची तोंडं त्याने गाडीच्या आडव्या दिशेला ठेवली. कारण साधं आहे. ब्रेक मारला की आतल्या वस्तूंना पुढे जायचं असतं. खण प्रवासाच्या दिशेने उघडणारा असेल तर ब्रेकबरोबर तोही उघडतो. न्यूटनचा पहिला नियम शिकवायला मी बसचं उदाहरण द्यायचे, आता हे खण दाखवले असते. कडीसाठी चुंबकाचे कॅच न वापरता दाबून उघडायचे बटणलॉक लावले. प्रत्येक खणाच्या तळाला रबरी मॅट आणि पुढे दोन बोटं उंच कठडा. शहाद्याच्या पुढे खड्ड्यांचा रस्ता पार करून आम्ही थांबलो तेव्हा एकही डबा आडवा झालेला नव्हता. हळद सांडली नव्हती, यावर काय ते समजा.

गुण कापले ते इथे. ए.सी.पी.च्या कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या होत्या. एका कडेने माझ्या कोपराला ओरखडा काढला. सांगितल्यावर त्याने रबरी बीडिंग लावून दिलं, पण सांगावं लागलं. खणांच्या चॅनेलमध्ये धूळ जाते आणि महिन्याभरात ते करकरायला लागतात. खानदेशात धुळीला काही इलाज नाही हे मान्य, पण चॅनेल बंद प्रकारचं घेता आलं असतं. आतला रंगही दोन ठिकाणी ब्रशचे फटकारे दाखवतो. ट्रॉलीला चालतं, घराला चालत नाही.

बॅटरीचा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण यात लोकांना सगळ्यात जास्त गंडवलं जातं.

आधी गरज मोजा. आमची गरज अशी. कमी वीज खाणारा बी.एल.डी.सी. पंखा तीस वॅट, रात्रभर दहा तास, म्हणजे तीनशे वॅट-अवर. बारा व्होल्टचा छोटा फ्रिज, उन्हाळ्यात दिवसाला साडेचारशेच्या आसपास. दिवे पन्नास, दोन मोबाइल चाळीस, पाण्याचा पंप पंधरा. बेरीज साधारण साडेआठशे. याला १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथिअम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरते. तिच्यात १२८० वॅट-अवर असतात आणि त्यातले ऐंशी-नव्वद टक्के बिनघोर वापरता येतात. ॲसिडची बॅटरी नेहमी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे एवढ्याच कामाला तिची क्षमता दीडपट-पावणेदोनपट घ्यावी लागते. वजन तर विचारूच नका. आमची बॅटरी बारा किलोची आहे. मी एका हाताने उचलते.

लिथिअम महाग आहे. तीसेक हजार नुसत्या बॅटरीचे गेले. पण साडेसातशे किलोच्या ट्रेलरमध्ये वाचवलेल्या चाळीस किलोंना किंमत लावा, मग महाग की स्वस्त ते ठरवा.

गाडी चालताना बॅटरी चार्ज व्हावी म्हणून बोलेरोच्या बॅटरीपासून मागे वायर न्यायची होती. सरळ वायर जोडू नका. लिथिअम बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी, ती रिकामी असली की अल्टरनेटरकडून, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राकडून, मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर तापतो. मध्ये डी.सी.-टू-डी.सी. चार्जर हवा, तो करंट बांधून ठेवतो. आमचा वीस अँपिअरचा आहे. तीन तासांचा प्रवास झाला की साठ अँपिअर-अवर जमा, म्हणजे निम्म्याहून अधिक बॅटरी भरली. मिस्त्रीचा इलेक्ट्रिशियन पोरगा हुशार, पण त्याने वायर चार चौरस मिलिमीटरची काढली. मी त्याला तिथेच कागदावर गणित घालून दाखवलं. बॉनेटपासून पलंगापर्यंत आठ मीटर, जाऊन येऊन सोळा. वीस अँपिअर करंटला त्या वायरीत जवळपास दीड व्होल्टची गळती. बारा व्होल्टमधले दीड व्होल्ट वाटेतच गेले तर चार्जर काय करणार? सोळा चौरस मिलिमीटरची वायर घातली की गळती एक तृतीयांश व्होल्टवर येते. पोराने गणित तपासलं, मालकाकडे बघितलं आणि गपचूप जाड वायर आणली. नंतर मला म्हणाला, “बाई, आमच्या शाळेत तुम्ही पाहिजे होत्या.”

बॅटरीला लागून फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरात. ट्रेलरमध्ये मिक्सर चालवायचा तर एक हजार वॅटचा प्युअर साइन (घरच्यासारखी वीज देणारा) इन्व्हर्टर लागतो. पाचशे वॅटचा मिक्सर बारा व्होल्टच्या बाजूने चाळीस-पंचेचाळीस अँपिअर खेचतो, सुरू होताना त्याहून जास्त. शेवभाजीचं वाटण दोन मिनिटांत होतं, त्यामुळे एकूण वीज फार जात नाही. ठेचा मात्र खलबत्त्यातच. इंडक्शन शेगडीचा विचार आम्ही सोडून दिला. दोन वेळचा स्वयंपाक तिच्यावर केला तर आमची सगळी बॅटरी एका दिवसात संपेल.

छतावर दोनशे वॅटचं एक पॅनेल. पॅनेलवर लिहिलेले वॅट हे २५ अंश तापमानाला मोजलेले असतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी पॅनेलची काच पासष्ट अंशांवर सहज जाते आणि दर अंशाला पाव ते अर्धा टक्का वीज कमी होते. म्हणजे ऐन उन्हात, जेव्हा तुम्हाला वाटतं आता भरपूर मिळेल, तेव्हा पंधराएक टक्के गायब. म्हणून मिस्त्रीने पॅनेल छताला चिकटवलं नाही, खाली चार बोटं हवा खेळेल अशी ब्रॅकेटं दिली. त्याला सेल्सिअसचा हिशेब माहीत नव्हता. पत्र्यावर पत्रा चिकटवला की भट्टी होते एवढं माहीत होतं, आणि ते पुरेसं होतं. साक्रीकडे शिवाजीनगरला महानिर्मितीचा सव्वाशे मेगावॅटचा सोलर प्रकल्प आहे, तिकडून येताना हे गाडी थांबवून कुंपणापलीकडच्या पॅनेलांच्या रांगा बघत बसतात. आमच्या छतावरच्या एकट्या पॅनेलकडे पाहून मग त्यांना उगाच अभिमान वाटतो.

बॅटरी चाकांच्या वर, पलंगाखाली, पत्र्याच्या पेटीत, दोन्ही बाजूंना जाळी. या बॅटरीतून ॲसिडवाल्यासारखा वायू निघत नाही, जाळी उष्णतेसाठी आहे. मे महिन्यात दारं लावून अंगणात उभ्या ठेवलेल्या ट्रेलरमध्ये मी थर्मामीटर ठेवला होता, दुपारी पन्नासच्या वर गेला. एवढ्या उष्णतेत लिथिअमचं आयुष्य घटतं. म्हणून उन्हाळ्यात प्रवास नसेल तेव्हा बॅटरी निम्मी भरलेली ठेवून आयसोलेटर, म्हणजे बॅटरी तोडणारा मुख्य स्विच, बंद करतो आणि ट्रेलर लिंबाच्या सावलीला. तो आयसोलेटर हात पोचेल अशा ठिकाणी बसवलाय, दाराशेजारी. एक गुण कापला तो वायरींवर नावं न टाकल्याचा. सगळ्या वायरी एकाच काळ्या रंगाच्या. मी स्वतः कागदी चिठ्ठ्या चिकटवल्या, पंखा, पंप, फ्रिज. उद्या रस्त्यात बिघाड झाला तर दुसऱ्या कारागिराला कळायला नको?

गॅसच्या वेळी मात्र मिस्त्री आमच्याही वर निघाला. ह्यांनी सहज सुचवलं की टाकी आत ओट्याखाली बसवली तर चोरीची भीती नाही. मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला. “टाकी मझार ठेवनी व्हई ते दुसरीकडे जा, दादा.” आवाज चढवला नाही, पण पुढे बोलायला जागाही ठेवली नाही. त्याच्या पाहण्यातला एक ट्रक होता, केबिनमध्ये स्वयंपाकाची टाकी ठेवणारा. पुढचं त्याने सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

पेटी ट्रेलरच्या बाहेर, पुढे हूककडच्या त्रिकोणी चासीवर. आतल्या खोलीकडे तिला एकही भोक नाही. तळाला मात्र मुद्दाम मोठं भोक, खाली रस्त्याकडे उघडणारं, कारण गळलेला गॅस पाण्यासारखा खाली वाहतो आणि त्याला बाहेर जायला तिथूनच वाट हवी. पेटीत वायर नाही, दिवा नाही, बॅटरी तर नाहीच नाही. टाकी उभी राहते, पट्ट्याने आवळलेली. आडवी पडली तर वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये घुसतो. पेटीतून तांब्याची नळी ट्रेलरच्या खालून जाते, प्रत्येक पत्र्यातून जाताना तिला रबरी ग्रोमेट, नाहीतर हादऱ्यांनी पत्रा नळी कापतो. शेवटी शेगडीपाशी आय.एस.आय. छापाचा केशरी सुरक्षा पाइप. त्यावरचं वर्ष बघून घ्या, पाच वर्षांनी तो बदलायचा असतो.

टाकी आम्ही पाच किलोची घेतली. पेट्रोलपंपावर किंवा एजन्सीत ओळखपत्र दाखवून मिळते, पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडेनची ही छोटी टाकी ‘छोटू’ नावाने विकतात. सबसिडी नसल्याने किलोमागे घरच्या टाकीपेक्षा महाग पडते. पण गावोगाव बदलून मिळते हा प्रवाशाला मोठा फायदा. एक मोठा बर्नर तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे पाच किलोत तीसेक तास. आमच्या दोघांच्या वरण-भात-भाकरीला ते खूप झालं. बट्ट्या आणि भरताची वांगी गॅसवर भाजत नाही हे सांगायला हवं का? हिवाळ्यात कापूस वेचून झाल्यावर बांधावर पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, पडलेल्या असतात, शेतमालकाला विचारलं की नाही म्हणत नाही.

एका गावात एकाने मोठ्या टाकीतून छोटीत गॅस ‘भरून देतो’ म्हणून सांगितलं, निम्म्या पैशात. हे बेकायदा आहे आणि जीवघेणंही. छोटी टाकी काठोकाठ भरली गेली तर उन्हात द्रव फुगायला जागा उरत नाही. आपल्याकडचं ऊन लक्षात घ्या.

परदेशातल्या ट्रेलरांत शुद्ध प्रोपेन वापरतात, आपण का नाही, असं ह्यांनी विचारलं होतं. आपला एल.पी.जी. म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. ब्युटेन शून्य अंशाच्या जवळ उकळायचं थांबतं, प्रोपेन उणे ४२पर्यंत वायू होत राहतो. बर्फाच्या देशात म्हणून प्रोपेन लागतो. धुळ्याचा पारा कडाक्याच्या थंडीत पाच-सहा अंशांवर येतो, तेवढ्याला आपलं मिश्रण चालतं. तरी एक गोष्ट सारंगखेड्याला बघायला मिळाली. दत्तजयंतीच्या यात्रेला, घोडेबाजार बघायला गेलो होतो, तापीकाठची पहाट, टाकीत गॅस थोडाच राहिलेला आणि मी दोन्ही बर्नर मोठे केलेले. ज्योत हळूहळू लहान होत गेली. पेटी उघडून बघितलं तर टाकीच्या खालच्या भागावर दव धरलेलं, बोट लावलं तर गार. द्रवाचा वायू होताना तो अप्रकट उष्मा टाकीतूनच घेतो. टाकी छोटी, द्रव थोडा, थंडी बाहेरची, मग दाब उतरतो. एक बर्नर बंद केला, चहा झाला. वर्गात बाष्पीभवन शिकवताना हातावर स्पिरिट चोळायचे, ही टाकी त्याहून चांगली होती.

काम झाल्यावर मिस्त्रीने साबणाचा फेस करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावला आणि मला बसून बघायला सांगितलं. शेगडीजवळच्या फ्लेअर नटवर एक बुडबुडा आला. मोहरीएवढा. फुगला, फुटला, पुन्हा आला. त्याने नट पाव फेरा आवळला, पुन्हा फेस, पुन्हा थांबलो. मग काही आलं नाही. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग मी पाहिलेत, त्यांना इथे आणून बसवावं. गॅसचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावलाय. धुराचा अलार्म वर लावतात म्हणून हाही वर लावायचा असं पोरगा म्हणत होता, तेवढं मी होऊ दिलं नाही. दाराजवळ अग्निशामक. प्रवासात टाकीचा व्हॉल्व्ह बंद, झोपतानाही बंद, आणि शेगडी पेटलेली असताना खिडकी उघडी, मग बाहेर कितीही थंडी असो.

शेवटी पुन्हा वजन. सगळं बसवून काट्यावर ६१५ किलो. पाण्याची टाकी साठ लिटरची, ती भरली की ६७५. डबे, गाद्या, कपडे धरून सव्वासातशे. मग मिस्त्रीने कांद्याच्या वखारीत असतो तसा प्लॅटफॉर्म काटा मागवून हूकखाली ठेवला. ९४ किलो. गॅसपेटीमुळे पुढे ओझं झालं होतं. त्याने पुढची स्टेपनी सोडून मागच्या भिंतीला लावली, ७२ झाले, आणि तिथे त्याने हात झटकले. तोरणमाळच्या सात पायरी घाटात बोलेरोला मागे काही जोडलंय हे अर्थातच कळतं, पण ट्रेलर ओढत नाही, ढकलत नाही. वर यशवंत तलावाच्या बाजूला थांबलो, पंखा लागलाच नाही, फ्रिज चालू होता, सकाळी बॅटरी साठ टक्क्यांवर. प्लग लावायला जागा कुठेच मिळाली नाही. राज्याचं कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आलं, पण आम्ही खानदेशात जिथे जिथे थांबलो तिथे आपली वीज आपणच आणायची असाच प्रकार होता. त्यामुळे सोलर हौस म्हणून घेतलंय असं कोणी समजू नये.

आता तारखेचं. काम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी देतो म्हणाला होता. आखाजीला निम्मी पोरं गावाला गेली, झोके आणि आमरस सोडून ती लगेच परत येतात थोडीच! मग लग्नसराई. मग ट्रॉल्यांची घाई. फोन केला की “व्हई जाई ताई, चिंता नका करू.” मिळाला तेव्हा पहिला पाऊस पडून गेला होता. उशीर होणार हे आधी सांगितलं असतं तर मला चाललं असतं. पक्कं बिलही मागून घ्यावं लागलं. बॅटरी, चार्जर आणि इन्व्हर्टरची वॉरंटी कार्डं आम्ही दुकानातून स्वतः घेतली होती म्हणून ती आहेत. वर्कशॉपच्या कामाची वॉरंटी तोंडी. तोंडी असली तरी बीडिंग लावायला आणि एक सैल ब्रॅकेट बदलायला त्याने पैसे घेतले नाहीत, हेही लिहायला हवं.

खर्च सांगते. कपाटं आणि गॅसपेटी मजुरीसकट पंचावन्न हजारांच्या आसपास, बॅटरी-सोलर-वायरिंगचं सामान मिळून सत्तरच्या थोडं वर. पुण्या-मुंबईच्या कोटेशनपेक्षा बरंच कमी, पण स्वस्तात झालं असंही नाही.

ज्यांना जायचंय त्यांनी दसऱ्याच्या पुढे-मागे जाऊ नका. कापूस घरात यायला लागला की त्याच्याकडे ट्रॉल्यांची रांग असते आणि तुमचा ट्रेलर कोपऱ्यात धूळ खात उभा राहील. जानेवारी संपताना काम टाका, आणि ॲडव्हान्स अर्ध्याहून जास्त देऊ नका.